माशाचा रंग आणि माशाचे अन्न

घरात माशांची काचपेटी ठेवणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते. दुकानात शेंदरासारखा लाल दिसणारा गोल्डफिश हौसेने घरी आणावा, मुलांनी त्याचे नाव ठेवावे, आणि तीनचार महिन्यांनी पाहावे तो त्याचा शेंदूर उतरून तो फिक्या नारिंगीवर, पुढे पुढे तर पिवळटावर आलेला! मासा जिवंत आहे, पोहतो आहे, टाकलेले खातो आहे. मग रंग गेला कुठे? कोणी म्हणतो, इथले पाणी त्याला मानवले नाही. कोणी म्हणतो, दुकानदाराने फसवले. कोणी दृष्ट लागली असे सांगूनही मोकळा होतो. पाणी आणि दुकानदार या दोघांचाही त्यात कधी कधी हात असतो, नाही असे नाही. पण पुष्कळदा खरे उत्तर काचपेटीशेजारच्या फळीवर असते. तिथे जी खाद्याची डबी ठेवलेली असते ना, तिच्यात.

मासा जे खातो त्याचा त्याच्या रंगाशी काय संबंध, हे नीट समजून घ्यायचे तर आधी माशाच्या अंगावर रंग येतो कसा, ते पाहिले पाहिजे.

माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. त्यांचे मुख्य प्रकार चार. काही पेशींत काळे-तपकिरी द्रव्य भरलेले असते, काहींत पिवळे, काहींत लाल, आणि चौथ्या प्रकारच्या पेशींत रंग असा नसतोच. त्यांत असतात ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अगदी पातळ, चपटे स्फटिक. या स्फटिकांवर प्रकाश पडून परावर्तित झाला म्हणजे माशाचे अंग चांदीसारखे चकाकते. स्फटिकांच्या थरांमधले अंतर विशिष्ट मापाचे असेल, तर तीच चकाकी निळी दिसते. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात, पण म्हणून फुग्यात कोणी रंग कालवलेला नसतो. तसाच हा प्रकार. नियॉन टेट्रा या इवल्याशा माशाच्या अंगावर जी निळी रेघ दिव्यासारखी चमकते, ती या स्फटिकांची करामत आहे. ते निळे द्रव्य बाटलीत काढून दाखवा म्हटले तर दाखवता येणार नाही, कारण ते नाहीच.

काळ्या रंगाचे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. आपले केस ज्याने काळे होतात तेच. प्रथिनांचा एक घटक घेऊन माशाचे शरीर हे द्रव्य आपले आपण बनवते. ग्वानिनही तसेच, घरच्या घरी तयार होणारे. म्हणजे काळा, चंदेरी आणि निळा हे रंग माशाच्या स्वतःच्या कारखान्यातले झाले. पोटाला पुरेसे आणि सकस अन्न मिळाले की या रंगांसाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही.

लाल, नारिंगी आणि पिवळा या रंगांची गोष्ट मात्र निराळी आहे. हे रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड या द्रव्यसमूहाचे. वाकेनरोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ साली गाजरातून एक रंगद्रव्य वेगळे काढले. गाजराच्या लॅटिन नावावरून त्याला कॅरोटीन हे नाव पडले, आणि पुढे त्याच्या साऱ्या गोतावळ्याला कॅरोटिनॉइड म्हणू लागले. झेंडूचा पिवळेपणा, मक्याच्या दाण्याचा सोनेरीपणा, पिकल्या आंब्याचा केशरीपणा, सारे या एकाच घराण्याचे. पालकाच्या आणि मेथीच्या पानांतही ही द्रव्ये भरपूर असतात. फक्त हिरव्या रंगाखाली ती झाकून जातात.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही द्रव्ये मुळापासून तयार करण्याची विद्या वनस्पतींना, शैवालांना, काही जिवाणूंना आणि बुरशींना येते. प्राण्यांना ती जवळजवळ येतच नाही, आणि माशांना तर मुळीच नाही. माशाच्या अंगावर जो कॅरोटिनॉइडचा लाल-पिवळा रंग आहे, तो त्याने कुठून तरी खाल्लेला असतो. काही मासे टेरिडीन जातीचे पिवळे-तांबडे द्रव्य स्वतः बनवून त्यात भर घालतात, हे खरे. पण ती भरच. मुख्य भांडवल उसने. आणि उसनवारी थांबली की रंग उतरायला लागतो, कारण कातडीतले द्रव्य काही कायमचे राहत नाही; ते हळूहळू खर्च होत असते. गोल्डफिश महिनोनमहिने नुसत्या पावाच्या चुऱ्यावर किंवा कणकेच्या गोळ्यांवर राहिला, तर त्याचे पोट भरेल, पण अंगावरचा रंग भरून येणार नाही. फळीवरच्या डबीचे कोडे ते हेच.

मग निसर्गात ही उसनवारी कशी चालते? पाण्यातले सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशात ही द्रव्ये तयार करते. त्या शैवालावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव जगतात. ते हे द्रव्य खातात आणि पुष्कळदा त्याचे रूप बदलून त्याला आणखी लाल करतात. त्या जिवांना लहान मासे खातात, आणि लहानांना मोठे. रंग असा हातोहात वर चढत जातो. हे केवळ माशांपुरतेच नाही, बरे का! मुंबईजवळ शिवडीच्या आणि ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. त्यांचा गुलाबी रंगही शैवालातून आणि बारीक कवचधारी जिवांतून आलेला असतो. त्यांची पिल्ले करड्या रंगाची असतात, आणि प्राणिसंग्रहालयातल्या फ्लेमिंगोंना असे अन्न मिळाले नाही तर मोठे पक्षीसुद्धा पांढुरके होत जातात. पाळीव कोंबडीचेही तसेच. हिरवा पाला आणि पिवळा मका खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातला बलक गडद निघतो. ज्या खाद्यात ही द्रव्ये नाहीत, ते खाणाऱ्या कोंबडीचा बलक फिका निघतो.

या द्रव्यांचे दोन गुण आपल्या स्वयंपाकघरातच पाहायला मिळतात. गाजराचा हलवा करताना तूप सुटते ते केशरी होऊन सुटते. का? तर कॅरोटिनॉइड पाण्यात विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते. माशाच्या आतड्यातही ते अन्नातल्या स्निग्धांशाबरोबरच शोषले जाते. अगदी कोरड्या, स्निग्धांश नसलेल्या खाद्यात रंगद्रव्य घातले, तर त्यातले बरेचसे वाया जाते. दुसरा गुण कोकणातल्या स्वयंपाकघरात दिसतो. चिंबोरी जिवंत असताना काळसर-हिरवी, कोळंबी राखाडी. पण चुलीवर चढली की दोघी लालभडक. हा लाल रंग मसाल्याचा नव्हे. त्यांच्या कवचात ॲस्टॅझॅन्थिन नावाचे लाल कॅरोटिनॉइड आधीपासूनच असते, पण ते एका प्रथिनाने जखडून ठेवलेले असते आणि त्या जोडगोळीचा रंग वेगळा दिसतो. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते आणि दडलेला लाल रंग उघडा पडतो. कवचधारी जीव खाऊन मासे लाल कसे होतात, याचा पुरावा म्हणून यापेक्षा दूर जायला नको.

मात्र सगळे मासे हे उसने धन सारख्याच रीतीने वापरत नाहीत. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद कोई कार्प हे यात हुशार. पिवळ्या मक्यात किंवा काही शैवालांत असणारे झिआझॅन्थिन हे पिवळे द्रव्य त्यांना मिळाले, तर त्यावर आपल्या शरीरात प्रक्रिया करून ते त्याचे लाल ॲस्टॅझॅन्थिन बनवतात. पिवळा माल घ्यायचा आणि लाल करून विकायचा, असा त्यांचा धंदा. सॅमन आणि ट्राउट यांना हे जमत नाही. त्यांना तयार लाल द्रव्यच लागते, आणि समुद्रात ते त्यांना कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांतून मिळते. म्हणून पिंजऱ्यात वाढवलेल्या सॅमनच्या खाद्यात ॲस्टॅझॅन्थिन मिसळावे लागते. न मिसळले तर त्याचे मांस गुलाबी न होता करडे-पांढरे राहते. अमेरिकेत १९९५ मध्ये या कामासाठी त्याला परवानगी देताना खाद्याच्या किलोमागे ८० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घालून दिली गेली. एका किलोत चिमूटभरसुद्धा नाही! इतक्या अल्प द्रव्यावर एवढा मोठा फरक अवलंबून असतो.

सॅमनच्याच चिनूक नावाच्या जातीत आणखी एक गंमत आहे. त्यांतले काही मासे त्याच समुद्रात, तेच अन्न खाऊन वाढतात, तरी त्यांचे मांस पांढरेच राहते. कारण ते द्रव्य मांसात साठवण्याची पात्रता त्यांच्या आनुवंशिक ठेवणीतच नसते. यावरून मर्यादाही लक्षात येते. अन्न रंगाला माल पुरवते. किती माल घ्यायचा आणि कुठे लावायचा, हे आनुवंशिकता ठरवते. ज्या माशाच्या अंगावर लाल ठिपका जन्मतः नाही, त्याला कितीही चारले तरी तो उमटणार नाही.

येथे एक प्रश्न मनात येतो. जो रंग स्वतः बनवता येत नाही, ज्यासाठी रानोमाळ, नव्हे पाणोपाणी, हिंडावे लागते, त्याचा माशाने एवढा अट्टहास का करावा? याचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी जो मासा निवडला, तो आपल्या परिचयाचा आहे: गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्यखात्याने महाराष्ट्रातल्या हौदांत, टाक्यांत आणि डबक्यांत सोडलेला हा चिमुकला मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. नराच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. मादी साधी, राखी रंगाची.

त्रिनिदादच्या डोंगरातले काही ओढे दाट झाडीखालून वाहतात, काही मोकळ्या उन्हातून. उन्हातल्या ओढ्यांच्या दगडांवर शैवाल जोमाने वाढते आणि तिथल्या गप्पींना कॅरोटिनॉइड अधिक मिळते. सावलीतल्या ओढ्यांत त्याची टंचाई असते. ग्रेगरी ग्रेथर या अमेरिकन संशोधकाने १९९० च्या दशकात आणि नंतर या ओढ्यांचा बारकाईने अभ्यास केला. झाडांची सावली आणि माशाचा रंग यांचा असा सांधा जुळलेला असतो, हे वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. त्याआधी, १९८९ साली, ॲस्ट्रिड कोड्रिक-ब्राउन या संशोधिकेने एक साधा आणि नेटका प्रयोग प्रसिद्ध केला होता. सख्ख्या भावांच्या जोड्या घेतल्या. एका भावाला कॅरोटिनॉइड असलेले अन्न दिले, दुसऱ्याला नसलेले. मग दोघांना मादीपुढे ठेवले. मादीचा कल रंग खाऊन वाढलेल्या भावाकडे दिसला. रक्त एकच, वाण एकच. फरक होता तो ताटातल्या अन्नाचा.

युरोपातल्या स्टिकलबॅक या काटेरी पाठीच्या लहान माशावर मिलिन्स्की आणि बाकर यांनी केलेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर पाळणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. विणीच्या काळात या जातीच्या नराचे पोट लाल होते, आणि अधिक लाल नर माद्यांना अधिक आवडतो. संशोधकांनी त्याच लाल नरांना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची लागण होऊ दिली. मासे पाळणाऱ्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. आजार येऊन गेल्यावर नरांचा लाल रंग उतरला, आणि ज्या माद्या त्यांना आधी पसंत करत होत्या, त्यांचा ओढा कमी झाला. हिरव्या प्रकाशात, म्हणजे लाल रंग दिसेनासा झाल्यावर, मात्र माद्यांना आधीचे आणि नंतरचे नर सारखेच वाटले. म्हणजे माद्यांनी निवड केली होती ती रंगावरून. लाल रंग हा त्या माशाचा जणू प्रकृतीचा दाखला असतो: हा पोटभर आणि चांगले खातो, आणि आजारी नाही, असे तो सांगतो. जी गोष्ट माशाच्या मादीला कळते, ती मासे पाळणाऱ्या आपल्यालाही कळायला हरकत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. रंगासाठी माशाला द्यावे तरी काय?

सर्वांत उत्तम म्हणजे विविधता. रोजचे तयार खाद्य चांगल्या प्रतीचे असावे; पाकिटावर घटकांची यादी वाचावी आणि तीत कोळंबीची भुकटी, स्पिरुलिना शैवाल किंवा ॲस्टॅझॅन्थिन यांचा उल्लेख आहे का, ते पाहावे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनतीन वेळा जिवंत किंवा गोठवलेले अन्न द्यावे: डासांच्या अळ्या, डाफ्नियासारखे बारीक कवचधारी जीव, बारीक चिरलेली ताजी कोळंबी. गोल्डफिश आणि गप्पी शाकाहारही आवडीने करतात. त्यांना उकडून मऊ केलेला पालक किंवा साल काढलेला वाटाणा द्यावा. मुळात टाकीत थोडे हिरवे शैवाल वाढले, तर ते सगळेच्या सगळे घासून काढू नये. आपल्याला ती घाण वाटते. माशाला ती भाजीची वाडी असते.

आपल्याकडचा झेंडू या कामी फार उपयोगाचा आहे. त्याच्या पाकळ्यांत ल्युटिन हे पिवळे द्रव्य भरपूर असते, आणि कोंबड्यांच्या खाद्यात त्याचा उपयोग फार दिवसांपासून होत आला आहे. भारतातल्याच संशोधकांनी झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी खाद्यातून लाल स्वोर्डटेल या शोभेच्या माशांना दिली, तेव्हा त्यांचा रंग सुधारल्याचे दिसले. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण जो झेंडू ओंजळी-ओंजळीने टाकून देतो, त्याचे मोल असे आहे. मात्र बाजारच्या फुलांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात, आणि ती माशांना घातक ठरतात. म्हणून फुले घरच्या कुंडीतली असावीत. नुसत्या पाकळ्या सावलीत वाळवून त्यांची पूड करावी.

सावलीत का, तेही सांगतो. ही द्रव्ये नाजूक असतात. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ती नासतात. कडक उन्हात वाळवलेल्या जवळ्यात ताज्या कोळंबीइतके रंगद्रव्य उरत नाही. दुकानात काचेच्या बरणीत, उन्हाच्या तिरिपेत महिनोनमहिने पडून असलेल्या सुट्या खाद्याचीही तीच गत. म्हणून खाद्य लहान पाकिटात घ्यावे, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे आणि थोड्या महिन्यांत संपवावे. वर्षभर पुरेल असा मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण शेवटच्या सहा महिन्यांत आपण माशांना नुसता भुसा घालत असतो.

अति मात्र इथेही नको. रंग यावा म्हणून दुप्पट खाद्य टाकले तर न खाल्लेले अन्न तळाशी कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो, मासा आजारी पडतो आणि रंग येण्याऐवजी जातो. दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. रंगद्रव्यांचाही अतिरेक बाधतो. जपानमध्ये निइगाता भागातल्या शेतकऱ्यांनी जोपासलेल्या आणि १९१४ च्या टोकियो प्रदर्शनामुळे सगळीकडे नाव झालेल्या रंगीत कोई माशांच्या बाबतीत हे फार जपले जाते. शुभ्र पांढऱ्या अंगावर लाल ठिगळ हे या माशाचे सौंदर्य. त्याला रंगाचे खाद्य जास्त झाले, तर लाल ठिगळ गडद होते खरे, पण पांढऱ्या भागावरही पिवळट-गुलाबी झाक चढते, आणि शोभा जाते.

आणि हेही ध्यानात ठेवावे की उतरलेल्या प्रत्येक रंगाचे खापर अन्नावर फोडता येत नाही. फरक ओळखण्याची खूण आहे वेळेची. अन्नाने होणारा बदल आठवड्या-महिन्यांनी दिसतो. मासा सकाळी गडद आणि दुपारी फिका दिसला, तर तो अन्नाचा परिणाम नव्हे. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी आपल्या संशोधनाची सुरुवात माशांच्या रंगबदलाच्या अभ्यासाने केली होती. मासा पांढऱ्या वाळूवर फिका होतो आणि काळ्या खड्यांवर गडद, कारण रंगपेशीतले कण आक्रसतात किंवा पसरतात. घाबरलेला, नव्या टाकीत नुकताच आलेला, थंडीने काकडलेला मासाही असाच फिका पडतो. म्हणून रंग उतरला की आधी पाणी, मग रोगाची लक्षणे, मग तळाचा रंग आणि दिवा पाहावा, आणि हे सारे ठीक असेल तर खाद्याचा विचार करावा. गोल्डफिशच्या बाबतीत वयाचाही भाग असतो. त्याची पिल्ले जन्मतः काळपट-कांस्य रंगाची असतात. काळ्या पेशी नाहीशा होत गेल्या की खालचे सोने वर येते.

रंगाला बाजारात किंमत आहे, आणि जिथे किंमत आहे तिथे लबाडीही आलीच. आपल्याच देशातल्या नद्या-तळ्यांत काचेसारखा पारदर्शक असा एक लहान मासा सापडतो. अंगातले काटे बाहेरून मोजता येतील इतका पारदर्शक. परदेशी बाजारासाठी अशा माशांच्या अंगात सुईने गुलाबी, हिरवे, पिवळे झगझगीत रंग टोचून ते ‘रंगीत काचमासे’ म्हणून विकण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालला. टोचताना पुष्कळ मासे मरतात, आणि जगलेल्यांचा रंग काही काळाने विरून जातो. दुसरी युक्ती संप्रेरकांची. नराचे संप्रेरक खाद्यात मिसळले की कोवळी पिल्ले आणि माद्यासुद्धा नरासारख्या रंगीत दिसतात. असा मासा घरी आणून साध्या खाद्यावर ठेवला की रंग ओसरतो, आणि त्याची वीण होण्याची शक्यताही कमी असते. म्हणून दुकानात अस्वाभाविक झगझगीत मासा दिसला, अवघ्या बोटभर लांबीच्या पिल्लावर प्रौढ माशाचा रंग दिसला, किंवा एकाच जातीचे मासे गुलालाच्या पुड्यांसारखे पाच रंगांत मांडलेले दिसले, तर दोन प्रश्न विचारावेत आणि समाधान न झाल्यास हात आखडता घ्यावा. जनुकांत फेरफार करून चमकणारे झीब्रा मासेही २००३ पासून अमेरिकेच्या बाजारात आले. त्यांचा रंग ना अन्नाचा, ना सुईचा. तो वेगळाच विषय आहे.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांना एक प्रयोग सुचवतो. एकाच विणीतले सहा-आठ नर गप्पी घ्यावेत आणि दोन सारख्या काचपात्रांत निम्मे निम्मे ठेवावेत. पाणी एक, उजेड एक, तळाची वाळू एक. मैदा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आणि तेलाचे दोन थेंब मळून, शिजवून, वाळवून मूळ खाद्य करावे. त्याचे दोन भाग करावेत, आणि एकातच झेंडूची पूड किंवा स्पिरुलिना मिसळावे. काचेवर शैवाल वाढले तर ते दोन्हीकडचे रोज पुसावे. नाही तर ज्यांना रंगाविना ठेवायचे ते मासे काचेवरच आपली भाजी चरतील, आणि प्रयोग फसेल. दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र काढावे. दीड-दोन महिन्यांनी सारी छायाचित्रे ओळीने मांडावीत आणि घरातल्या ज्याला काहीच सांगितलेले नाही अशा माणसाला विचारावे: कोणते ठिपके अधिक गडद? प्रयोग संपताच दोन्ही पात्रांतल्या माशांना चांगले, मिश्र अन्न सुरू करावे. रंगाविना राहिलेल्यांवर तेवढा अन्याय पुरे. आणि मासे नकोसे झाले तरी ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत, कारण तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासाचे होतात.

या प्रयोगातून मुलांना एक गोष्ट पाठ न करता कळेल. उन्हाने शैवालात रंग भरला, शैवालाने किड्यात, किड्याने माशात. काचपेटीत आपण मासा आणतो तेव्हा ही साखळी तुटते, आणि ऊन, ओढा, शैवाल, किडा या सगळ्यांच्या जागी एकटे आपण उभे राहतो. माशाला आपले अन्न शोधायला बाहेर जाता येत नाही. आपण जे टाकू तेच त्याचे जग. म्हणून गोल्डफिश फिका दिसू लागला, तर आधी त्याच्या खाद्याच्या डबीचे झाकण उघडून पाहावे. रंग हा माशाला चढवायचा दागिना नाही; आपण त्याचे जेवणखाण कसे ठेवले आहे, याचा तो रोजचा हिशेब आहे, आणि तो काचेतून सहज वाचता येतो.